सड्यावर दोन दिवस: फिल्डवर्क जवळून पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की विद्यार्थ्यांचे फोन आणि ईमेल सुरू होतात. "मॅडम, अकरावीला बायोलॉजी घेतलंय, पुढे इकॉलॉजीत काम करायचं आहे, दोन दिवस तुमच्याबरोबर येऊ का?" आम्ही चौघं जण सिंधुदुर्गात आंबोली-चौकुळच्या बाजूला, घाटमाथ्यावरच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, काम करतो. पावसाच्या सुरुवातीला बेडूक आणि डबकी, मग गवत आणि फुलं, उन्हाळ्यात तापलेला उघडा कातळ. येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. उदाहरणं आमच्या सड्यावरची आहेत, पण तुम्ही पक्ष्यांवर, कासवांवर किंवा वाघांवर काम करणाऱ्या कोणाबरोबर जाणार असाल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

जॉब शॅडोइंग म्हणजे नेमकं काय? निसर्गशिबीर किंवा इंटर्नशिपपेक्षा ते वेगळं कसं?

काम करणाऱ्या माणसाची दोन-तीन दिवस सावली व्हायचं. तो उठेल तेव्हा उठायचं, तो चालेल तिथे चालायचं, तो चिखलात गुडघे टेकून बसला की शेजारी बसायचं. निसर्गशिबिरात सगळा कार्यक्रम मुलांसाठी आखलेला असतो. इथे तुमच्यासाठी काहीच आखलेलं नसतं, आणि तेच पाहण्यासारखं आहे. तुम्ही आला नसतात तरी त्या दिवशी आम्ही हेच केलं असतं.

इंटर्नशिपमध्ये तुमच्यावर काम सोपवलेलं असतं आणि ते तडीला न्यावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार कॉलेजांमध्ये आता फिल्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. त्याचे तास दोन-तीन दिवसांत भरत नाहीत, त्यामुळे त्याच्या गुणांसाठी याचा उपयोग नाही. हे आयुष्य आपल्याला आवडेल का आणि झेपेल का, एवढंच इथे पाहायचं.

कोण येऊ शकतं?

दहावीनंतरचं कोणीही. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती लागते आणि त्यांच्याशी मी स्वतः फोनवर बोलते. विज्ञान शाखाच हवी असं नाही. आर्ट्सला भूगोल घेतलेल्या एका मुलीने आमचा सड्याचा उतार आमच्यापेक्षा चांगला वाचला होता. पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि कुठे मुरतं हे तिने अर्ध्या तासात कागदावर काढून दिलं. एका वेळी दोघांपेक्षा जास्त जण आम्ही घेत नाही, कारण माणसं वाढली की बेडूक गप्प होतात.

कोणत्या महिन्यात यावं?

काय पाहायचं आहे त्यावर ते ठरतं.

जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की रात्रीची कामं सुरू होतात. आंबोली टोड हा छोटा बेडूक याच भागातला. २००९ मध्ये शास्त्राने त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं, आणि आज तो जगातल्या अतिसंकटग्रस्त उभयचरांच्या यादीत आहे. त्याची वीण सड्यावरच्या उथळ डबक्यांत होते. ही डबकी पावसाने भरतात आणि उघडीप पडली की आटतात. अंड्यांतून बाहेर पडून पिल्लांना चार पाय फुटेपर्यंत पाणी टिकलं पाहिजे, त्यामुळे सगळी घाई सुरुवातीच्या पावसातच असते. या दिवसांत आलात तर झोप विसरा.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा फुलांचा काळ. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी एकामागून एक येतात आणि तोच सडा दर पंधरा दिवसांनी वेगळा दिसतो. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे, हे बहुतेकांना तिच्याशेजारी बसेपर्यंत ठाऊक नसतं. तिच्या जमिनीलगतच्या भागांवर बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात. जांभ्यावर माती जेमतेम आणि पोषण त्याहून कमी, म्हणून ही तजवीज. साताऱ्याजवळचं कासचं पठारही असाच जांभ्याचा सडा आहे. पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यात कास आहे. पण गर्दीच्या दिवसांत तिथे शांतपणे काम पाहायला मिळणार नाही.

माझं मत विचाराल तर एकदा मार्चमध्ये या. फारसं कोणी येत नाही. सडा काळा पडलेला असतो, गवत पिवळं होऊन मोडलेलं, पाण्याचा टिपूस नाही. अशा जमिनीला कागदोपत्री 'पडीक' म्हणतात आणि मग तिथे काहीही केलं तरी चालतं असं सगळ्यांना वाटू लागतं. त्याच उन्हात एखाद्या सुट्या दगडाखाली हात लावून पाहा, किती गार लागतं ते. पाली, विंचू, फुरसं या गारव्याच्या आधाराने दिवस काढतात. ज्याने मार्चमधला सडा पाहिला नाही, त्याला जुलैमधल्या सड्याची किंमत कळत नाही असं मला मनापासून वाटतं.

एक दिवस कसा जातो?

पावसाळ्यातला साधारण दिवस सांगते.

सकाळी सहाला चहा आणि पोहे किंवा भाकरी. कालच्या डेटाशीट तपासायच्या, जीपीएसची बॅटरी पाहायची, पट्टी आणि ताणकाटा भरून घ्यायचा. साडेसातला सड्यावर. तिथे आमच्या कायमच्या चौकटी आहेत. पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठरलेल्या खुणांवर ठेवायची आणि आत किती जाती आहेत, प्रत्येकीने किती जागा व्यापली आहे, किती दगड उघडा आहे, किती पाणी आहे हे लिहायचं. एका चौकटीला कधी वीस मिनिटं, कधी तासभर.

नवा माणूस पहिल्या चौकटीत बघतो तेव्हा त्याला 'गवत' दिसतं. तिसऱ्या चौकटीपर्यंत पात्यांच्या कडा वेगळ्या दिसू लागतात. दुपारपर्यंत तो स्वतःहून म्हणतो, "ताई, हे सकाळच्यापेक्षा वेगळं आहे." हा बदल मी कित्येकदा पाहिला आहे आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

बारा-एकला डबा, बहुधा छत्री धरून उभ्यानेच. दुपारी परत येऊन कपडे वाळत घालायचे (ते वाळत नाहीत), थोडी झोप. संध्याकाळी सकाळच्या नोंदी संगणकात भरायच्या. रात्री आठला हेडलॅम्प लावून ठरलेल्या वाटेने डबक्यांची फेरी, प्रत्येक डबक्यापाशी ठरलेली मिनिटं. आधी दिवे बंद करून आवाज ऐकायचे, मग दिवा लावून पाहायचं. पाण्याची खोली, तापमान, पाऊस चालू की थांबलेला, हे सगळं लिहायचं. अकरा-साडेअकराला परत.

यात रोमांच किती आणि कागदपत्रं किती, असं एका पालकांनी विचारलं होतं. चालणं, थांबणं आणि लिहिणं या तीन गोष्टींत जवळजवळ सगळा दिवस जातो.

मी आलो आणि काहीच दिसलं नाही तर?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, म्हणून याला सगळ्यात जास्त जागा देते.

काहीच न दिसणं हीसुद्धा नोंद आहे. डेटाशीटवर प्रत्येक डबक्यासमोर बेडकांच्या संख्येचा रकाना असतो. डबकं पाहिलं आणि बेडूक नव्हता, तर तिथे शून्य लिहायचं. डबक्यापर्यंत पोहोचलोच नाही, तर आडवी रेघ मारून कारण लिहायचं. रकाना रिकामा मात्र सोडायचा नाही. रिकाम्या रकान्यातून दोन्ही अर्थ निघतात, म्हणून त्यातून काहीच कळत नाही.

हे मी स्वतः चूक करून शिकले. पहिल्या वर्षी एका रात्री पाऊस एवढा होता की मी फक्त जिथे बेडूक दिसले तिथलेच आकडे लिहिले आणि बाकीचे रकाने तसेच ठेवले. सकाळी लिहू म्हटलं आणि राहून गेलं. सहा महिन्यांनी आकडे मांडायला बसले तेव्हा ते रकाने समोर आले. त्या डबक्यांत बेडूक नव्हते, की मी तिथे गेलेच नव्हते? कितीही आठवलं तरी सांगता येईना. अख्खी रात्र भिजून केलेली ती फेरी हिशेबातून काढून टाकावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे डेटाशीट भरणारा आणि ती वाचून तपासणारा अशी दोन माणसं असतात, आणि तपासणी सड्यावरच होते, घरी आल्यावर नाही.

शून्यांचा उपयोग पुढे कळतो. एखाद्या डबक्यात सलग तीन वर्षं बेडूक होते आणि चौथ्या वर्षी शून्य आहे, हे सांगायला चौथ्या वर्षी कोणीतरी तिथे जाऊन शून्य लिहिलेलं असावं लागतं. कुठली जात कमी होते आहे हे अशाच कंटाळवाण्या आकड्यांतून ठरतं.

नीट लिहून ठेवलेली नोंद किती दूरवर पोहोचते याचं एक उदाहरण कोकणातच आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर ०३२३३ क्रमांकाचा धातूचा टॅग होता. तो २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर येऊन अंडी घालतं हे कळलं, कारण चार वर्षांपूर्वी कोणीतरी तो क्रमांक, तारीख आणि जागा न चुकता लिहिली होती.

तेव्हा तुमच्या दोन दिवसांत सगळीकडे शून्यच आलं तर ती शून्यं मन लावून लिहा. त्यांची आम्हाला गरज असते.

मला प्रत्यक्ष काम करायला मिळेल की नुसतं पाहायचं?

पहिला दिवस पाहायचं. दुसऱ्या दिवशी वेळ सांगणं, चौकट धरणं, आम्ही बोलू ते लिहून घेणं अशी कामं मिळतात. लिहून घेणं हे सगळ्यात जबाबदारीचं काम आहे, त्याला दुय्यम समजू नका. ऐकू आलं नाही तर परत विचारायचं. अंदाजाने लिहायचं नाही.

प्राणी हातात घेता येतील का? झाडाचा नमुना घरी नेता येईल का?

नाही, आणि यात सवलत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे कित्येक प्राणी पकडायला आणि हाताळायला वनविभागाची परवानगी लागते. ती परवानगी ठरावीक माणसांच्या नावावर आणि ठरावीक कामापुरती असते. तुमचं नाव त्यात नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी कारणं आहेत. बेडकाची कातडी पातळ असते, तिच्यातून पाणी आणि पाण्यात मिसळलेलं बरंच काही आत जातं. तुमच्या हाताला डास पळवायचं मलम असेल तर ते त्याच्यासाठी विष आहे. म्हणून सड्यावर येताना असलं मलम हाताला लावू नका, लांब बाह्यांचे कपडे घाला. काइट्रिड नावाच्या बुरशीने मध्य अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या आहेत, आणि तिचा वावर पश्चिम घाटातही आढळला आहे. ती चिखलाच्या बुटांवरून एका डबक्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. त्यामुळे एका जागेहून दुसरीकडे जाताना गमबूट घासून, जंतुनाशकात बुडवून, कोरडे करूनच पुढे जायचं. कंटाळा येतो. तरी करायचं.

दगड उलटायचा असेल तर तो आमच्यातलाच कोणीतरी उलटतो, आणि त्याच जागी, त्याच कुशीवर परत ठेवतो. थोडा तिरका ठेवला तरी खालचा ओलावा उडतो आणि कोणाचं तरी घर मोडतं.

काय काय आणायचं?

गमबूट किंवा चांगली पकड असलेले बूट, गुडघ्यापर्यंतचे मोजे, रेनकोट, हेडलॅम्प आणि जादा बॅटरी, पाण्याची बाटली, प्लॅस्टिकच्या पिशवीत सुके कपडे, तुमची नेहमीची औषधं. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे.

आणि दोन शिसपेन्सिली. पेन नको, पावसात शाई पसरते आणि बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही. पेन्सिलचं अक्षर भिजूनही टिकतं.

साप, जळवा, विंचू, आजार: पालक म्हणून आम्ही काळजी करावी का?

करावी, आणि प्रश्नही विचारावेत. आम्ही काय करतो ते सांगते.

जळवांनी काही बिघडत नाही. मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलेले मोजे पुरतात, आणि चावली तरी थोडं रक्त जाऊन थांबतं.

सापांच्या बाबतीत बुटाशिवाय पाऊल टाकायचं नाही, दिव्याशिवाय हात टाकायचा नाही. कोकणातल्या कातळावर फुरसं असतं, घाटमाथ्याच्या झाडाझुडपांत चापडा हा विषारी साप. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आहे, चापड्यासाठी ती नाही. म्हणून चापडा दिसला की फोटोसाठीसुद्धा जवळ जायचं नाही. दंश झालाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो अवयव हलू न देता थेट दवाखाना. आमची गाडी रात्रीच्या प्रत्येक फेरीला रस्त्यावर उभी असते, आणि लस कुठे आहे याची चौकशी आम्ही हंगामाच्या आधीच केलेली असते. लाल विंचवाचा दंश कोकणात पूर्वी जिवावर बेतत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे प्राझोसिन हे औषध उपचारात आलं आणि ते चित्र पालटलं. तरीही दवाखाना गाठायचाच.

माकडतापाबद्दल स्पष्ट बोलते. हा आजार गोचिडीतून पसरतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत, आणि कोरड्या महिन्यांत धोका जास्त असतो. त्या पट्ट्यातल्या जंगलात कोरड्या दिवसांत आम्ही विद्यार्थ्यांना नेत नाही. वर मार्चमध्ये या म्हटलं ते उघड्या सड्यापुरतं, आणि तिथूनही परतल्यावर अंग आणि कपडे तपासायचेच. घरी गेल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'जंगलात गेलो होतो' हे आधी सांगा.

विजा कडाडू लागल्या की सडा सोडायचा, काम कितीही राहिलेलं असो. उघड्या कातळावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो.

मुलगी आहे, एकटीने यायचं आहे. व्यवस्था कशी असते?

आमच्यात दोघी जणी आहोत. मुलींची राहण्याची सोय आमच्याच खोलीत, गावातल्या एका घरी असते. सड्यावर शौचालय नाही. दर दोन तासांनी चौघांपैकी कोणी ना कोणी "आम्ही पुढे जातो" म्हणून वाट देतं, आणि कोणीही कारण विचारत नाही. पाळीच्या दिवसांत काम टाळायचं की करायचं हे तुम्ही ठरवायचं. जादा पॅड आणि कागदी पिशव्या आमच्या किटमध्ये कायम असतात, आणि वापरलेलं सगळं परत आणायचं. नको वाटेल असं कोणी वागलं, अगदी आमच्यातलं असलं तरी, तर त्याच दिवशी मला किंवा घरी सांगा. फिल्डवर सहन करणं म्हणजे कणखरपणा, हे मला माझ्या विद्यार्थीदशेत शिकवलं गेलं होतं. ते चूक होतं.

तुमच्याबरोबर असतात ते मामा कोण?

आमचे वाटाडे, आणि खरं म्हणजे आमचे शिक्षक. त्यांचं लहानपण याच सड्यांवर म्हशी राखण्यात गेलं. कुठलं डबकं उघडिपीत चार दिवस टिकतं आणि कुठलं संध्याकाळीच आटतं हे त्यांना नकाशाशिवाय माहीत आहे. आमचा डबक्यांचा पहिला नकाशा त्यांच्या बोलण्यावरून झाला. त्यांना 'मामा' म्हणा, नमस्कार करा, त्यांच्या पुढे चालू नका. त्यांना एखाद्या झाडाचं शास्त्रीय नाव विचारून पाहणारे विद्यार्थी येतात, ते मला आवडत नाही. त्याऐवजी गावात त्या झाडाला काय म्हणतात, गुरं ते खातात का, पूर्वी किती असायचं, हे विचारा आणि वहीत लिहा.

फोटो आणि रील टाकले तर चालतील का?

फोटो काढा. टाकताना जागेचं नाव, खूण आणि जीपीएस काढून टाका. दुर्मीळ फुलाचा किंवा सापाचा नेमका पत्ता बाहेर गेला की पुढच्या शनिवारी तिथे गाड्या लागतात. खर्चुडीसारख्या कंदवर्गीय फुलाचा तर कंदच उकरून नेला जातो. फ्लॅश बंद ठेवा. काम चालू असताना फोन खिशात.

माझं इंग्रजी कच्चं आहे. चालेल?

चालेल. वही मराठीत लिहा. शोधनिबंध पुढे इंग्रजीत वाचावे लागतील हे खरं आहे, आणि ते हळूहळू जमतं. निरीक्षण मात्र ज्या भाषेत नेमकं सुचतं त्याच भाषेत लिहावं. ओल, दमटपणा, चिकचिक, पाणथळ यांत किती फरक आहे ते बघा.

यात पुढे नोकरी मिळते का? पैसे किती मिळतात?

वाट आहे, सरळ नाही. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रातली पदवी, मग एमएस्सी. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था, पुण्यातलं आबासाहेब गरवारे महाविद्यालय अशा ठिकाणी या विषयांचे अभ्यासक्रम आहेत. नेट ही पात्रता परीक्षा पास होऊन संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे. प्रकल्पावरच्या साहाय्यकांना बहुतेकदा बरंच कमी मिळतं, आणि प्रकल्प संपला की नोकरी संपते. वनविभागात जायचं तर वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक या पदांची भरती एमपीएससीतून होते, वनरक्षकाची भरती बारावीनंतर असते. घरी कमावणारं दुसरं कोणी नसेल तर हा हिशेब आधी मांडा. मी तो मांडला नव्हता आणि त्याचा भार माझ्या भावाने उचलला.

घरून परवानगी नाही, किंवा मला चालणं अवघड आहे. मी काय करू?

संगणकावरचं काम घरून पाहता येतं. रात्रीचे ध्वनिमुद्रण ऐकून बेडकांचे आवाज वेगळे करणं, फोटो चाळणं, आकडे तपासणं हाही फिल्डचाच अर्धा भाग आहे. त्यासाठी ऑनलाइन शेजारी बसवून घ्यायची आमची तयारी आहे.

आणि स्वतःची नोंद सुरू करा. दाराजवळचं एक झाड निवडा, आंबा, फणस, बहावा, काहीही. दर आठवड्याला ठरलेल्या वारी पालवी, मोहर, फळं किती आहेत ते लिहा. सीझनवॉच या उपक्रमात देशभरातले विद्यार्थी हेच करतात. पक्ष्यांच्या नोंदींसाठी ईबर्ड हे संकेतस्थळ आहे. सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात, हातात नोकरी नसताना, अलिबागजवळच्या किहीमला घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीसमोर शिडीवर बसून दिवसच्या दिवस काढले. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी येऊन निवड करते, मग नर पुढचं घरटं घेतो आणि दुसरी जोडीदारीण शोधतो, हे त्या बसण्यातून पुढे आलं.

विनंतीचं पत्र कसं लिहावं?

चार ओळी पुरे: नाव, इयत्ता, कोणत्या तारखा जमतील, आणि गेल्या महिन्यात तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट. 'मला निसर्गाची आवड आहे' हे सगळेच लिहितात. 'आमच्या बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने तीन अंडी घातली, दोनच फुटली' असं लिहिणाऱ्याला मी त्याच दिवशी उत्तर देते.

खर्च किती? प्रमाणपत्र मिळतं का?

आम्ही शुल्क घेत नाही. एसटीचं भाडं आणि जेवणाचे पैसे तुमचे, आणि तेही अडचण ठरत असेल तर सांगा. प्रमाणपत्र देत नाही. कॉलेजला हवं असेल तर अमुक तारखांना आमच्यासोबत होता असं पत्र देते.

मी लिहिलेल्या नोंदी तुम्ही खरंच वापरता का?

हो. तुम्ही लिहून घेतलेली डेटाशीट तपासून सही केली की ती आमच्या फायलीत जाते, आणि लिहिणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव राहतं. पुढच्या वर्षी त्याच डबक्यापाशी उभी राहून मी तुमचं पान उघडते आणि त्याच्याखाली नवा आकडा लिहिते.